परीचा फ्रॉक शिवायला टाकण्यापूर्वी : संमेलन भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाळांचे मुख्याध्यापक, संमेलनप्रमुख शिक्षक आणि नृत्यवर्ग चालवणाऱ्या ताई-सरांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या दुकानात फोन सुरू होतात. “बाई, बारा पऱ्या आहेत आणि एक हंसराणी. नेटचे फुगीर फ्रॉक हवेत, बॅलेसारखे. मापं वर्गशिक्षिका पाठवतील.” गेली सव्वीस वर्षे मी डोंबिवलीत संमेलनांचे कपडे शिवते. कोळीनृत्याची लुगडी, मावळ्यांचे अंगरखे, भाज्या-फळांचे पोशाख, सगळे माझ्या मशीनखालून गेले आहे. त्यात या नेटच्या फ्रॉकांची मागणी वर्षागणिक वाढते आहे. यंदाच्या ऑर्डरी घेण्याआधी तुमच्याशी बोलायचे आहे, आणि ते फोनवर दोन मिनिटांत होण्यासारखे नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचे नाव लिहीत नाही. पऱ्यांचे गाणे संपता संपता रंगमंचाच्या दोन्ही कडांना ठिणग्यांची कारंजी उडवायची, असे ठरले होते. ही ‘थंड आग’ असते, हात घातला तरी भाजत नाही, असे ती लावणाऱ्या माणसाने सांगितले होते. दुसरीतली एक मुलगी गिरकी घेताना कडेला गेली आणि तिच्या फ्रॉकची झालर त्या कारंज्यावर आली. ज्वाळा उठली नाही. नायलॉनची जाळी आक्रसली, तळहाताएवढे भोक पडले आणि त्याच्या काठाला काळे कडक मणी धरले. वितळलेला एक थेंब तिच्या मोज्यावर चिकटला होता. मोजा जाड होता म्हणून पाय वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रॉक माझ्याकडे आला, कारण संध्याकाळी दुसऱ्या सत्राचा कार्यक्रम होता. ठिगळ लावून मिळेल का, एवढेच विचारले होते. मी लावून दिले. त्या ठिगळाची मला अजून लाज वाटते, कारण ते लावताना मी एक शब्दही बोलले नव्हते.

त्यानंतर मी वाचायला लागले. ‘बॅलेसारखा’ म्हणजे नेमका कशासारखा, हे मलाच धड माहीत नव्हते. बॅले हा युरोपातला शास्त्रीय नाच आणि त्यातल्या फुगीर घेराला टूटू म्हणतात, एवढेच ठाऊक होते. वाचत गेले तसे कळले की या झग्याच्या इतिहासात आग पुन्हा पुन्हा येते. तो तुम्हाला सांगावा, म्हणून हे पत्र.

सुरुवातीला बायका रंगमंचावर नव्हत्याच. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा, त्याने १६६१ मध्ये नृत्याची राजमान्य अकादमी काढली. पण पॅरिस ऑपेरा या नाट्यगृहाच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी आल्या त्या १६८१ साली. अंगावर दरबारी पोशाखच असे: जमिनीपर्यंतचा जड झगा, आत कंबरेला सांगाडे, टाचांचे बूट. पाय दिसायचे नाहीत, मग पायांचे काम कोण बघणार? मारी कामार्गो नावाची ब्रसेल्सची मुलगी १७२६ मध्ये पॅरिसला आली. उडी घेऊन हवेतच पाय एकमेकांवरून झपझप फिरवायचे, ही तोवर पुरुषांचीच समजली जाणारी कामे ती करायची. ती लोकांना दिसावीत म्हणून तिने झगा घोट्याच्या वर घेतला. चार बोटांचा फरक असेल, पण त्यावरून गहजब झाला. तिची समकालीन मारी साले १७३४ मध्ये लंडनला सांगाडे काढून, साध्या मलमलीच्या वस्त्रात, केस मोकळे सोडून नाचली. दोघींनीही कपडा बदलला तो नाचासाठी, हे मला शिंपीण म्हणून फार महत्त्वाचे वाटते. झगा वर गेला तशी आतल्या चड्डीची सक्ती आली. आजचा टूटू तर त्या चड्डीवरच शिवलेला असतो.

पुढे सुमारे शंभर वर्षे सोडून १२ मार्च १८३२ या तारखेवर येते. पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीड’ हा बॅले झाला. फिलिपो तालियोनी यांनी तो आपल्या मुलीसाठी, मारी तालियोनीसाठी बसवला होता. सिल्फीड म्हणजे वाऱ्यात राहणारी अप्सरा. तिला वजन नाही असे भासायला हवे. म्हणून तिला पांढऱ्या तलम कापडाचे थर एकावर एक चढवून केलेला, घंटेच्या आकाराचा, पोटरीपर्यंतचा झगा दिला. त्याचे श्रेय चित्रकार यूजेन लामी यांना दिले जाते. ती पायाच्या अंगठ्यांवर उभी राहिली आणि ते थर तिच्याभोवती तरंगले. १८४१ च्या ‘जिझेल’मध्ये तसेच पांढरे झगे घातलेला नर्तकींचा अख्खा तांडा होता. तुम्ही फोनवर ‘परीचा फ्रॉक’ म्हणता, तो इथून निघाला.

हे थर कशाचे होते, ते समजून घ्या. मलमल, गॉझ आणि टार्लटन. टार्लटन म्हणजे विरळ विणीचे, भरपूर खळ दिलेले सुती कापड. जोडीला जाळी होतीच. फ्रान्समधल्या ट्यूल गावावरून तिला ट्यूल म्हणतात. जॉन हीथकोट या इंग्रजाने १८०८-०९ मध्ये जाळी विणायच्या यंत्राची पेटंटे घेतली आणि हाताने विणायला अतोनात वेळ लागणारी वस्तू वारावर मिळू लागली. (१८१६ मध्ये कामगारांनी त्याची यंत्रे फोडली, तेव्हा तो कारखाना उचलून दुसऱ्या गावी गेला. ती कथा वेगळी आहे.) विरळ कापडात प्रत्येक धाग्याभोवती हवा असते. चुलीत लाकडे दाबून भरली तर धुमसतात आणि काटक्या सुट्या रचल्या तर भडकतात, तसेच हे. त्यात दहा-बारा थर, थरांमध्ये पोकळी, घेर खाली रुंद आणि वर अरुंद. कडेला ठिणगी लागली की आग धुराड्यासारखी वर चढते.

आणि ठिणगी जवळच होती. पॅरिस ऑपेरात १८२२ मध्ये गॅसचे दिवे आले. तालियोनीचा झगा धुक्यासारखा दिसला तो याच उजेडामुळे. दिवे पायाशी, दिवे विंगेत, ज्योती बहुधा उघड्या. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेब्स्टर प्रेक्षकांसमोर पेटली आणि तीन दिवसांनी गेली. १८६१ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका थिएटरात एकीच्या कपड्याने पेट घेतला, तिला वाचवायला बाकीच्या धावल्या आणि त्यांचेही कपडे पेटले. किमान सहा जणी दगावल्या, त्यांत गेल घराण्यातल्या सख्ख्या बहिणी होत्या.

आता एमा लिव्री. हिचे नाव तुम्ही लक्षात ठेवावे, अशी माझी इच्छा आहे.

ती मारी तालियोनीची लाडकी शिष्या. निवृत्त झालेली तालियोनी तिचे नाचणे पाहून पॅरिसला परतली आणि तिच्यासाठी तिने एक संपूर्ण बॅले रचला: ‘ल पापियों’, म्हणजे फुलपाखरू. संगीत ऑफेनबाखचे, साल १८६०. त्या कथेत फुलपाखरू झालेली मुलगी मशालीच्या ज्योतीकडे ओढली जाते आणि तिचे पंख होरपळतात. ते दृश्य लिव्री रंगमंचावर करत होती.

त्याआधीच, १८५९ मध्ये, फ्रान्समध्ये सरकारी हुकूम निघाला होता. कार्तरों नावाच्या गृहस्थाने कापड सहज पेटू नये म्हणून रसायनांच्या द्रावणात बुडवायची पद्धत शोधली होती. नाटकांचे पडदे आणि कपडे त्या द्रावणातून काढावेत, असा तो हुकूम. म्हणजे उपाय होता आणि कायदाही होता. पण त्या पाण्यातून काढलेले कापड ताठ व्हायचे, पिवळट आणि मळकट दिसायचे, तरंगायचे नाही. लिव्रीने १८६० साली ऑपेराच्या संचालकांना लेखी कळवले की पहिल्या प्रयोगांना मी माझ्या नेहमीच्या झग्यातच नाचणार, आणि पुढे जे होईल त्याची जबाबदारी माझी. त्यांनी ते मान्य केले.

१५ नोव्हेंबर १८६२ रोजी ऑबेर या संगीतकाराच्या एका ऑपेराची, म्हणजे संगीत नाटकाची, तालीम चालू होती. लिव्री मुक्या कोळीणीच्या भूमिकेत होती. प्रवेशाची वाट बघताना तिने झग्याचे थर झटकून नीट केले. आपणही बसून उठताना साडीच्या निऱ्या झटकतो, तितकीच ती हालचाल. वरचा थर दिव्यावर गेला. ती पेटलेली रंगमंचभर धावली. ड्युटीवरच्या बंबवाल्याने तिला धरून विझवेपर्यंत फार उशीर झाला होता. आठ महिने ती अंथरुणात तळमळत होती आणि २६ जुलै १८६३ रोजी गेली. वीस वर्षांची होती. त्या झग्याच्या उरलेल्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत.

ही गोष्ट सांगणारे बरेच जण शेवटी लिव्रीच्या हट्टाला दोष देतात. सुंदर दिसायचा सोस नडला, म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. मी कपडे शिवणारी बाई आहे. कापड पडते कसे, फिरते कसे, यावर नाच उभा राहतो किंवा पडतो, हे मी रोज बघते. तरंगणारा झगा हे तिचे हत्यार होते. तिच्या गुरूने तसल्याच झग्यात नाव कमावले होते आणि प्रेक्षक तेच बघायला येत होते. अठराव्या वर्षाच्या आसपासची ती मुलगी ‘मळके कापड नको’ म्हणाली, यात तिचे काय चुकले? चुकले ते कागद हातात घेऊन ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांचे. दिवे त्यांचे होते, रंगमंच त्यांचा होता, हुकूम त्यांना लागू होता. एका नाचणाऱ्या मुलीच्या सहीवर त्यांनी आपली जबाबदारी सोडून दिली.

मुख्याध्यापक महोदय, संमेलनाच्या आधी पालकांकडून भरून घेतलेले ‘काही झाल्यास शाळा जबाबदार नाही’ असे कागद मी माझ्या नातवंडांच्या दप्तरात पाहिले आहेत. लिव्रीचे पत्र वाचले तेव्हा मला तेच आठवले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. लिव्रीनंतर विंगेत ओल्या घोंगड्या टांगायची पद्धत आली, दिव्यांच्या रचना बदलल्या. जिथे ती नाचली ती इमारत १८७३ मध्ये स्वतःच जळून गेली. १८८१ मध्ये लंडनचे सॅव्हॉय थिएटर पूर्णपणे विजेवर आले, मग हळूहळू इतरही, आणि उघड्या ज्योती गेल्या.

त्याच वर्षी, १८८१ मध्ये, देगा या चित्रकाराने पॅरिसमध्ये ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’ हा मेणाचा पुतळा मांडला आणि त्याला खऱ्या कापडाचा झगा घातला. त्यासाठी उभी राहिलेली मारी व्हान गोएतेम ही एका धोबिणीची मुलगी, ऑपेराच्या शाळेतली. वर्षभरातच तिचे नाव ऑपेराच्या पटावरून कमी झाले. अशा गरीब मुलींना तिथे ‘छोटे उंदीर’ म्हणत आणि वर्गणीदार श्रीमंत पुरुषांना त्यांच्या सरावाच्या दालनात मोकळा प्रवेश असे. ‘टूटू’ हा शब्दही साधारण याच काळातला. बहुतेक कोशकार त्याचे मूळ फ्रेंच लहान मुलांच्या बोलीतल्या ‘ढुंगू’ अशा अर्थाच्या शब्दात सांगतात. खाली बसलेल्यांना वर काय दिसायचे, त्यावरून हा शब्द पडला असावा. चिमुरड्यांच्या नाचाला हे नाव छापताना मी हल्ली थबकते.

झगा आखूड झाला तो रशियात. १८८५ मध्ये पीटर्सबर्गला गेलेल्या इटालियन व्हर्जिनिया झुक्कीने तिथला लांब झगा नाकारून आखूड घेतला. १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. गुडघा आणि मांडी दिसल्याखेरीज ते कसब दिसणार कसे? घेर वर सरकत सरकत विसाव्या शतकात कंबरेशी आडवा, ताटासारखा झाला आणि त्याला ताठ धरायला आत पोलादी तारेचे कडे आले. मग अमेरिकेत नृत्यरचनाकार बालनशीनच्या ‘सिम्फनी इन सी’ या बॅलेसाठी पोशाख करणाऱ्या कारिन्स्काबाईंनी १९५० मध्ये ते कडेच काढून टाकले. त्या बॅलेच्या शेवटी रंगमंच नर्तकींनी गच्च भरतो आणि ताटे एकमेकांवर आपटतात. त्यांनी मऊ जाळीचे आखूड थर सैल टाक्यांनी धरले, पावडरच्या पफसारखे. एका अडचणीवर शिवणकामातून काढलेला इतका सुंदर मार्ग मी दुसरा पाहिलेला नाही.

खरा टूटू मी एकदाच हाताळला आहे. मुंबईतल्या एका बॅले शिकणाऱ्या मुलीची आई तो दुरुस्तीला घेऊन आली होती. परदेशातून आणलेला, वापरलेला. मी तो रात्री टेबलावर उलटा ठेवला आणि थर मोजले. अकरा भरले. सगळ्यात आखूड थर चड्डीच्या पायाशी, मग प्रत्येक वरचा थर बोटभर रुंद, चुण्या हाताने भरलेल्या. आठव्या थरात पट्टी शिवून तीतून तार ओवलेली. थरांना एकमेकांशी धरणारे टाके इतके सैल, की घेर श्वास घेतो आहे असे वाटावे. पाठीवर हुकांच्या तीन रांगा, म्हणजे एकाच कपड्यात वेगवेगळ्या अंगाच्या तिघी नाचू शकतात. आतल्या पट्टीवर शाईने लिहून खोडलेली नावे होती. असा एक टूटू करायला साठ ते नव्वद तास लागतात, असे तिकडचे कपडेपट सांगतात. ते मला अगदी पटले. कंबरेशी कुठे काच नाही, उडी मारताना कुठे ओढ नाही. ज्या अंगावर तो जायचा, त्या अंगाचा विचार शिवणाऱ्याने आधी केला होता.

आता आपला फ्रॉक बघू. बाजारातून कॅनकॅनची ताठ नायलॉन जाळी येते, तिला चकाकीचे कण चिकटवलेले. इलॅस्टिकवर चार थर मारले, वर सॅटिनची चोळी. एका मुलीच्या फ्रॉकला तुम्ही देता त्या पैशांत दुसरे काही होत नाही आणि मीही तेच करून देते. मुलींच्या मांड्यांना जाळीने ओरखडे येतात. तरीही तो एक दिवसाचा त्रास आहे, म्हणून मी तो सोडून देईन. पण आग सोडता येणार नाही. सुती मलमल जळून राख होते. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळतात आणि वितळलेला भाग कातडीला चिकटतो, ओढला तर कातडी घेऊन येतो. विजेच्या दिव्यांमुळे जो धोका दीडशे वर्षांपूर्वी कमी होऊ लागला, तो आपण हौसेने परत आणतो आहोत: ठिणग्यांची कारंजी, ‘दीपनृत्या’तल्या खऱ्या पणत्या, दीपप्रज्वलनाची समई विंगेशेजारी तशीच तेवत ठेवलेली, आणि तिच्या बाजूला नंबर लागण्याची वाट बघत उभ्या राहिलेल्या नेटमधल्या तीस मुली.

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली गावात शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागली. मंडपाचे कापड सिंथेटिक होते, ते पेटून, वितळून खाली माणसांवर पडले. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत शाळकरी मुले शेकड्यांनी होती. ते कपड्यांमुळे झाले नव्हते, हे मला माहीत आहे. कापड मात्र याच जातीचे होते आणि प्रसंगही हाच, संमेलनाचाच.

माझे मागणे मोठे नाही. ज्या कार्यक्रमात नेटचे फ्रॉक आहेत, त्यात रंगमंचावर आणि विंगेत कुठलीही ज्योत, ठिणगी, फटाका नको. ‘थंड’ म्हणून विकलेलासुद्धा नको. पणत्या हव्यात तर बॅटरीच्या घ्या, आणि समई दीपप्रज्वलन झाले की शांत करून बाजूला न्या. फ्रॉकच्या आत जाड सुती परकर आणि सुती मोजे मी लावून देईन. त्याचा खर्च वेगळा धरा, तो पालकांवर टाकू नका. विंगेत एक ओली घोंगडी आणि पाण्याची बादली ठेवा आणि ती वापरणारा एक माणूस नेमा, ज्याला त्या दिवशी दुसरे कुठलेही काम नसेल. कपडे आठ दिवस आधी द्या म्हणजे मुली ते घालून तालीम करतील; आपला घेर कुठवर जातो, हे त्यांना अंगाने कळू दे. आणि हे सगळे तुम्ही ठरवा. मुलींना विचारू नका, आयांना विचारू नका. त्यांना विचारले तर त्या फुगीर आणि चमचमता हवा असेच सांगतील. त्यांनी तसेच सांगावे, त्यांचा तो दिवस आहे.

नृत्यवर्गाच्या ताई-सरांना एक वेगळी विनंती. पऱ्या बसवताना एक दिवस मुलींना कामार्गोची गोष्ट सांगा. पाय दिसावेत म्हणून झगा वर घेणारी ती बाई त्यांना नक्की आवडेल. लिव्रीचीही सांगा, थोड्या मोठ्या मुलींना. त्या वयात मुली अशा गोष्टी नीट ऐकतात आणि विसरत नाहीत.

यंदापासून माझ्या दुकानात ऑर्डर घेताना मी पहिला प्रश्न मापांचा विचारणार नाही. स्टेजवर आग आहे का, हे विचारेन. हो असेल, तर मी सुती साड्या शिवून देईन, मावळे शिवून देईन, झाडे-ढग-चांदण्या सुती कापडात करून देईन, पण नेटचा फ्रॉक देणार नाही. दुसरीकडे स्वस्तात मिळेल, हेही मला माहीत आहे. त्या दुसऱ्या दुकानातल्या बाईलाही हे पत्र द्या.

परकराचे कापड मला मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून आणावे लागते. संमेलन डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात असेल, तर मुलींची संख्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळवावी.

आपली,
सव्वीस वर्षे संमेलनांचे कपडे शिवणारी
डोंबिवलीची एक शिंपीण